आजींची तक्रार कोणाच्या टेबलावर?

आमच्या मदत केंद्रात नव्याने येणाऱ्या स्वयंसेवकाचा पहिला फोन थोड्याफार फरकाने असाच असतो. पलीकडून कुणीतरी दबक्या आवाजात सांगतं, "आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी आहेत. मुलगा-सून सकाळी बाहेरून कुलूप लावून कामाला जातात. परवा त्यांचा हात काळानिळा दिसला. माझं नाव मात्र कुठे येऊ देऊ नका." फोन ठेवला की नवा माणूस विचारतो, "हे कोणत्या खात्याकडे येतं?"

पाच-सहा खात्यांकडे येतं, आणि म्हणूनच पूर्ण असं कुणाकडेच येत नाही. पोलिसांना वळ दिसतो, दवाखान्याला मोडलेलं मनगट दिसतं, बँकेला अंगठा दिसतो, तलाठ्याला फेरफार दिसतो. हे सगळं एकाच बाईचं आहे हे कुणालाच दिसत नाही. इंग्लंडमध्ये केअर ॲक्ट २०१४ नुसार स्थानिक प्रशासन, पोलीस आणि आरोग्यसेवा यांना एकत्र बसवणारं मंडळ प्रत्येक भागात असावं लागतं. आपल्याकडे असं मंडळ नाही. कायदे आहेत, बरेच चांगले आहेत, पण वेगवेगळ्या कपाटांत आहेत. ती कपाटं उघडत फिरायचं काम तक्रार ऐकणाऱ्याच्या वाट्याला येतं. हा लेख त्याच्यासाठी आहे: ज्येष्ठ नागरिक संघाचा नवा कार्यकर्ता, सोसायटीची सेक्रेटरी, समाजकार्य शिकणारी विद्यार्थिनी किंवा नुसता शेजारी.

एक गोष्ट सगळ्याच्या आधी. आतून ओरडण्याचा आवाज येतोय, माणूस बेशुद्ध आहे, आगीची किंवा मारहाणीची भीती आहे, तर खालचं काहीही वाचत बसू नका. ११२ फिरवा.

१. आधी भेटा, एकटीला भेटा

माझी पहिली चूक सांगतो. अशाच एका फोननंतर मी त्या आजींना न भेटताच पोलीस ठाण्यात गेलो. पोलीस तत्परतेने आले, बिल्डिंगच्या जिन्यातच मुलाला चार शब्द सुनावून गेले. दुसऱ्या दिवशी आजींचा मोबाइल काढून घेण्यात आला आणि पुढचे दोन महिने ते दार मला उघडलं नाही. पोलिसांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आजींना काय हवंय हे त्यांना मी सांगायला हवं होतं, आणि ते मलाच माहीत नव्हतं.

म्हणून आधी भेट. कारण साधं काढा: हयातीचा दाखला, रक्तदाब तपासणी, भिशी, हळदीकुंकू, देवळातला प्रसाद. घरातलं कुणी समोर बसून राहिलं तर अत्याचाराचा विषय काढूच नका, दुसऱ्या भेटीची सोय करून उठा. एकांत मिळाला की "तुमच्यावर अत्याचार होतो का?" असं विचारू नका. हा वर्तमानपत्रातला शब्द आहे. म्हातारी माणसं "त्रास" म्हणतात, किंवा तेवढंही म्हणत नाहीत, "मी पडले" म्हणतात. विचारा, "जेवण वेळेवर होतं का? औषधं कोण देतं? पासबुक कुणाकडे असतं? फोन करावासा वाटला तर करता येतो का?" उत्तरापेक्षा कधीकधी खोलीच जास्त सांगते. वाढलेली नखं, आतून कडी नसलेलं दार, तीन महिन्यांपूर्वी संपलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं.

मग त्या हमखास विचारतील, "माझ्या मुलाला पोलीस मारणार नाहीत ना?" आईला तक्रार करायची नसते, त्रास थांबायला हवा असतो. या दोन्हींतलं अंतर ओळखणं हेच तुमचं पहिलं काम. प्रांतांकडचा, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडचा, निर्वाहखर्चाचा अर्ज हा फौजदारी खटला नसतो, हे सांगितलं की निम्म्या आज्या मोकळ्या होतात.

त्यांनी "नको" म्हटलं तर? बुद्धी शाबूत आहे, जिवाला धोका नाही, तर "नको"चा मान ठेवा, नंबर देऊन या, जात राहा. स्मृतिभ्रंश असेल तर "त्यांना काही कळत नाही" हे घरच्यांचं वाक्य जसंच्या तसं घेऊ नका. काल काय जेवलो ते आठवत नसलेल्या माणसालाही कोण मारतं ते नीट सांगता येतं.

फोटो, व्हिडिओ त्यांच्या होकाराशिवाय काढायचे नाहीत. काढले तर ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नयेत. हे सांगावं लागतं, याचंच वाईट वाटतं.

त्याच रात्री वहीत लिहा: तारीख, वेळ, काय पाहिलं, काय ऐकलं, त्यांच्याच शब्दांत. तुमचा निष्कर्ष वेगळ्या ओळीत. पुढे प्रत्येक कार्यालय हीच वही मागणार आहे.

२. माणूस कोण आहे, त्यावरून दार ठरतं

एकाच व्यक्तीला तीन-चार कायदे एकाच वेळी लागू होऊ शकतात. नवख्यांना हे कुणी सांगत नाही, मग ते "ज्येष्ठ नागरिक म्हणजे प्रांत" एवढंच धरून बसतात.

वय ६० किंवा जास्त असेल, किंवा वय कितीही असो पण मुलांकडून निर्वाह मिळत नसलेले आई-वडील असतील, तर २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा. दार प्रांत कार्यालयाचं.

बाई असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा. तो फक्त सुनांसाठी आहे हा समज पक्का बसलाय. तो आईलाही आहे, सासूलाही आहे, अविवाहित बहिणीलाही आहे. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये त्यातली "प्रौढ पुरुष" ही अट काढून टाकल्यापासून सुनेविरुद्धही दाद मागता येते. दार महिला व बाल विकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याचं. महिला हेल्पलाइन १८१.

दिव्यांग असेल, मग वय २५ असो की ७५, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ७. दार कार्यकारी दंडाधिकाऱ्याचं, म्हणजे तालुक्यात बहुतेक वेळा तहसीलदार. या कायद्याच्या कलम ९२ मध्ये, ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आहे. उपाशी ठेवण्याबद्दल इतकं स्पष्ट बोलणारं कलम क्वचितच सापडतं.

मानसिक आजार असेल तर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. आपल्या हद्दीत अशा माणसाला घरात छळलं जातंय किंवा त्याची आबाळ होतेय असं वाटण्याजोगं कारण असेल, तर ठाणेप्रमुखाने ते लगेच दंडाधिकाऱ्याला कळवायचं असतं. साखळीने बांधून ठेवलेल्या माणसांसाठी हेच कलम १०१ वापरा.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती असते. कायदेशीर पालक तीच नेमते आणि तक्रार खरी निघाली तर काढूनही टाकते. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. तो हिशेब दिलाय का, एवढं विचारल्यावरही बरंच हलतं.

आता यातला खरा कळीचा मुद्दा: तुम्ही स्वतः, त्यांच्या सहीशिवाय, कुठे जाऊ शकता? संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊ शकता, कुणीही माहिती देऊ शकतं आणि सद्हेतूने दिली असेल तर तुमच्यावर जबाबदारी येत नाही. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ खाली दंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकता. मानसिक आजाराबाबत ठाण्यात जाऊ शकता. प्रांतांकडे मात्र अर्ज त्या व्यक्तीचा लागतो, किंवा ती असमर्थ असेल तर तिने अधिकार दिलेल्या माणसाचा वा संस्थेचा. प्रांतांचं निर्वाह प्राधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं, पण त्या भरवशावर राहू नका. पहिल्या-दुसऱ्या भेटीतच साध्या कागदावर अधिकारपत्र घेऊन ठेवा.

३. पोलीस ठाणं आणि दवाखाना, दोन्ही एकत्र

हे दोन मुद्दे मी मुद्दाम एकत्र घेतोय, कारण वेगळे घेतले की प्रकरण पडतं.

साध्या मारहाणीची तक्रार ठाण्यात अदखलपात्र म्हणून, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही अशा वर्गात, लिहिली जाते. लोक म्हणतात, "एनसी घेऊन घरी पाठवलं." पण हाड मोडलेलं किंवा सरकलेलं असेल, दात तुटला असेल, तर कायद्याने ती गंभीर दुखापत ठरते आणि गुन्हा दखलपात्र होतो. म्हणजे एनसी आणि एफआयआर यांच्यामध्ये कधीकधी फक्त एक एक्स-रे उभा असतो. म्हणून आधी सरकारी रुग्णालय, तिथे "मेडिको-लीगल नोंद करा", म्हणजे पोलीस तपासाला लागणारी दुखापतीची नोंद करा, असं स्पष्ट सांगायचं, केसपेपरची प्रत घ्यायची, मग ठाणं. डॉक्टरांपुढे मुलगा "बाथरूममध्ये पडली" असं सांगत उभा असतो. डॉक्टरांना विनंती करा की रुग्णाशी एकट्याने बोला. मोठ्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांना गाठा. डिस्चार्जनंतर माणूस कुठे जाणार हा प्रश्न विचारणारे त्या इमारतीत बहुधा तेच एकटे असतात.

ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच न घेतलेला अर्ज म्हणजे तोंडी गप्पा. बाहेरून कुलूप लावून कोंडण्याची तक्रार असेल तर "घरगुती वाद" हे उत्तर स्वीकारू नका. बेकायदा कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली दखलपात्र गुन्हा आहे. ज्येष्ठ नागरिकाला सोडून देणाऱ्यावर २००७ च्या कायद्याचं कलम २४ लागतं: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा लहान आहे, पण तोही गुन्हा दखलपात्र आहे.

आणि आजींना ठाण्यात नेऊ नका. साक्षीदार म्हणून जबाबासाठी कुठल्याही वयाच्या स्त्रीला, दिव्यांग व्यक्तीला किंवा ६० वर्षांवरच्या पुरुषाला राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही; नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ पाहा. जबाब घ्यायला पोलिसांनी यायचं. घरात ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच असेल, तर शेजारचं घर सुचवा.

शांतपणे आणखी एक चौकशी करा. आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, अद्ययावत यादी ठाण्याने ठेवायची असते. आजींचं नाव त्या यादीत घालून घ्या. बीटचा अंमलदार, म्हणजे त्या भागाचा पोलीस, महिन्यातून एकदा जिना चढला तरी घरातला आवाज खाली येतो, हे मी पाहिलंय.

४. प्रांत कार्यालय

इथे वेळ लागतो, पण टिकाऊ उपाय इथेच मिळतो. उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपले प्रांत, हे निर्वाह प्राधिकरणाचे पीठासीन अधिकारी असतात. अर्ज साध्या कागदावर चालतो. ज्येष्ठ व्यक्ती राहते तिथे, पूर्वी राहत होती तिथे किंवा मुलगा-मुलगी राहतात तिथे, तिन्हींपैकी कुठेही करता येतो. गावाकडच्या आईने पुण्यातल्या मुलासाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही.

अर्ज कुणाविरुद्ध? मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं. मूल नसेल तर ज्या नातेवाइकाकडे त्यांची मालमत्ता आहे किंवा वारशाने जाणार आहे, तो. "मुलीचं लग्न झालंय, तिचा काय संबंध" हे कायद्याला मान्य नाही. सून मात्र या व्याख्येत नाही, त्यामुळे निर्वाहखर्चाच्या अर्जात तिला प्रतिवादी करून वेळ घालवू नका. सोबत वयाचा पुरावा, रहिवास, औषधांचा मासिक खर्च, मुलांच्या उत्पन्नाबद्दल माहीत असेल ते, आणि आधीचे केसपेपर व पोच. हे जोडलेलं असेल तर पहिल्या तारखेलाच फरक पडतो.

नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे, अपवाद म्हणून आणखी ३० दिवस. निकालापर्यंत अंतरिम खर्च मागता येतो. तो मागायला लोक विसरतात, म्हणून अर्जातच एक परिच्छेद त्यासाठी ठेवा. निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा कायद्यात महिना १०,००० रुपये आहे. पुण्या-मुंबईत एका आयाबाईचा पगारही त्यात निघत नाही, पण आज आकडा तोच आहे. वकील नसला तरी अडत नाही: कलम १८ नुसार समाज कल्याण विभागाचा निर्वाह अधिकारी आई-वडिलांची बाजू मांडू शकतो. हवाच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १५१०० वर फोन करा. महिला आणि दिव्यांगांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

प्राधिकरण प्रकरण समेटासाठी पाठवू शकतं. समेट चांगलाच, पण "पाया पडा आणि विषय मिटवा" एवढाच समेट असेल तर त्यावर सही करायला लावू नका. किती तारखेला, किती रुपये, कोणत्या खात्यात, औषध कोण आणणार, कुलूप लागणार की नाही, हे शब्दांत उतरवून घ्या.

आता घराचा प्रश्न. बक्षीसपत्र करून दिलं आणि महिनाभरात आजोबांची खाट गॅलरीत गेली, ही तक्रार आमच्याकडे मारहाणीइतकीच येते. कलम २३ म्हणतं की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये ती अट सिद्ध व्हावी लागते असं म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा आणि प्राधिकरण ताबाही परत देऊ शकतं, असं म्हटलं. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच: दस्त अजून झालेला नसेल तर "देणाऱ्याचा आयुष्यभर सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द दस्तातच घालायला सांगा. त्याहून बरं म्हणजे हयातीत बक्षीसपत्र न करता मृत्युपत्र करणं. याबाबतीत मी कट्टर आहे.

एक सावधगिरी. कधीकधी मुलगाच आई-वडिलांना पुढे करून बायकोला घराबाहेर काढायला हा कायदा वापरतो. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की ज्येष्ठांच्या कायद्याचा आधार घेऊन सुनेचा सामायिक घरात राहण्याचा हक्क सरसकट बुडवता येत नाही. तुमच्यासमोर बसलेला अर्जदार खरोखर आजी आहेत की त्यांच्यामागे उभा असलेला कुणी, हे पाहा. पहिल्या पायरीतली एकांतातली भेट इथे पुन्हा उपयोगी पडते.

प्रांतांच्या आदेशाविरुद्ध अपील ६० दिवसांत, जिल्हाधिकाऱ्यांकडे.

५. पैसा

बँकेत ज्येष्ठ व्यक्तीच्या सहीचा अर्ज: जुनं एटीएम कार्ड बंद, नवीन पिन, मोबाइल नंबर बदल, जोडखात्याच्या व्यवहाराच्या सूचना बदल. शाखा व्यवस्थापकाला प्रत्यक्ष भेटा. काउंटरवरचा अर्ज काउंटरवरच राहतो. फोनवरून कुणी फसवून पैसे काढले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन. निराधार माणूस असेल तर संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसीलमध्ये देऊन ठेवा. स्वतःच्या नावाने थोडे पैसे यायला लागले की घरातलं बोलणं बदलतं.

६. सगळ्यांना एका कागदावर आणा

मंडळ नाही, तर कागदाचं मंडळ करा. एक पान, त्याहून मोठं नको. वर व्यक्तीचं नाव, वय, अपंगत्व वा आजार, आणि तिला काय हवंय ते तिच्या शब्दांत एका वाक्यात. खाली तारखांची यादी: कधी काय घडलं, कुठे नोंद झाली, आवक क्रमांक काय. शेवटी प्रत्येक कार्यालयाकडून नेमकी एकच मागणी. ठाण्याकडून घरी येऊन जबाब. रुग्णालयाकडून दुखापतीचं प्रमाणपत्र. प्रांतांकडून अंतरिम खर्च. संरक्षण अधिकाऱ्याकडून घरगुती घटना अहवाल. समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडून गरज पडल्यास वृद्धाश्रमातली जागा. आणि तळाला "प्रत माहितीसाठी" म्हणून सगळ्यांची नावं. आपल्या पत्राची प्रत दुसऱ्या चार टेबलांवर गेलीय हे दिसलं की पाचवं टेबल फाइल दाबून ठेवत नाही. सरकारी माणूस वरिष्ठांपेक्षा शेजारच्या खात्याला जास्त दचकतो, असं माझं मत झालंय.

आधी व्यक्तीचा होकार घ्या, आणि प्रत्येकाला लागेल तेवढंच द्या. बँकेला मारहाणीचा तपशील कशाला?

तरीही कुणी हलत नसेल तर जिल्हाधिकारी. २००७ च्या कायद्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवता येते. त्यांना अर्ज करून प्रांत, पोलीस आणि समाज कल्याण यांची एकत्र बैठक मागा. अर्ध्या तासाची बैठक तीन महिन्यांच्या खेट्यांचं काम करते. आणि एल्डरलाइन, १४५६७, विसरू नका. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालते, आणि गरज असेल तिथे त्यांचे कार्यकर्ते जागेवर येऊन खात्यांशी बोलतात. एकट्याने धावत असाल तर पहिल्याच दिवशी हा नंबर फिरवा.

खेड्यात माणसं वेगळी असतात. तिथे पोलीस पाटील, आशाताई आणि ग्रामसेवक. आशाताईंना कुठल्या घरात कोण किती जेवतं हे माहीत असतं. पण त्या त्याच गावात राहतात, म्हणून त्यांचं नाव अर्जात साक्षीदार म्हणून घालण्याआधी दहा वेळा विचार करा.

मुलगा सरकारी नोकरीत असेल तर आणखी एक वाट. लातूर जिल्हा परिषदेने आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून ते पालकांच्या खात्यात टाकायला सुरुवात केली होती. तुमच्या जिल्ह्यात असा ठराव आहे का, हे जिल्हा परिषदेत विचारा.

७. आदेश हातात आल्यावर

प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. रक्कम ३० दिवसांत जमा व्हायला हवी. झाली नाही तर त्याच प्राधिकरणाकडे वसुलीचा अर्ज करा. वॉरंट निघू शकतं आणि तरीही न भरल्यास एका महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. वसुलीचा अर्ज थकबाकी झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत करावा लागतो, म्हणून "पुढच्या महिन्यात देतो"वर विसंबून राहू नका.

सर्वांत नाजूक काळ मात्र आदेशानंतरचे पहिले चार आठवडे. घरात राग असतो आणि आजी त्याच घरात असतात. या महिन्यात आठवड्यातून दोनदा जा, एकदा ठरवून आणि एकदा न सांगता. खुणेचा एक शब्द ठरवून ठेवा. आमच्या एका आजी फोनवर "आज शेंगदाण्याची चटणी केली" म्हणाल्या की आम्ही निघायचो. दोन फोन उचलले गेले नाहीत तर त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत, बीटच्या अंमलदाराला सोबत घेऊन दार वाजवा.